जिप्सीचे रसग्रहण

दर वर्षी २७ फेब्रुवारी जवळ आली की आमच्या शाखेला आपण मराठी असल्याची आठवण होते. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन साजरा करायचा असतो, आणि केल्याचा अहवाल फोटोंसकट वर पाठवायचा असतो. बँकेत कुठलीही भावना अहवालाशिवाय खरी धरत नाहीत. तर यंदा साहेबांनी भित्तिपत्रक काढायचं ठरवलं. कविता द्यायला चौघेजण लगेच तयार झाले. एकाने कथा कबूल केली. आपण सुटलो असं वाटून मी व्हाउचरांत मान घालतो आहे, तोच साहेब म्हणाले, "तुम्ही समीक्षा द्या."

"कशाची?"

"कशाचीही. आवडीनं वाचलेल्या पुस्तकाची द्या."

आता मी पडलो बी.कॉम. माणूस. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अशी मी आयुष्यात दोनच पुस्तकं वाचली. एक अकौंटन्सीचं, कारण ते वाचल्याशिवाय पास होता येत नव्हतं. दुसरं माझ्या जिप्सीबरोबर आलेलं, मालकाने गाडी कशी वागवावी ते सांगणारं पुस्तक, कारण ते वाचल्याशिवाय घरी परत येता येत नव्हतं. पहिल्या पुस्तकाने माझंच परीक्षण करून मला शंभरापैकी सत्तेचाळीस दिलेले आहेत. म्हणून मी दुसरं घेतलं. आणि पुस्तकापेक्षा पुस्तकाची नायिका जास्त ओळखीची असल्यामुळे सरळ तिचंच रसग्रहण लिहून दिलं. साहेबांनी ते परत केलं. वर तांबड्या शाईत शेरा होता : "यात साहित्य कुठे आहे?" तो परत आलेला ऐवज थोडं व्याज घालून इथे जमा करतो आहे.

समीक्षेची सुरुवात कलाकृतीचं कुळ सांगून करायची असते म्हणतात. या कुळाचा मूळ पुरुष जपानी. १९७० साली सुझुकीने जिम्नी नावाची एक इवलीशी गाडी काढली. इंजिन ३५९ सी.सी.चं, म्हणजे मोटरसायकलीच्या तोडीचं. पण चारही चाकांना जोर देणारं. मोठ्या जीपगाड्या जिथे वजनाने रुतत तिथून हे पोरगं पाय न भिजवता निघून जाई. त्याच घराण्यातली लांब अंगाची गाडी डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीने आपल्याकडे जिप्सी म्हणून आणली. तिचं इंजिन ९७० सी.सी.चं होतं. १९९६ साली १३०० सी.सी.ची जिप्सी किंग आली. लष्कराने ती घेतली, पोलिसांनी घेतली, वनखात्याने घेतली, आणि हिमालयात नि वाळवंटात शर्यती करणाऱ्या हौशी मंडळींनीही घेतली. २०१९ साली तुमच्याआमच्यासाठी ती निघायची बंद झाली. इतक्या निरनिराळ्या लोकांना एकाच वेळी आवडलेली दुसरी गोष्ट मला तरी पोह्यांशिवाय आठवत नाही.

जगात त्या सुमाराला याच कल्पनेचे श्रीमंत अवतारही चालू होते. १९८० साली जर्मनीत ऑडीने क्वाट्रो काढली आणि चारही चाकं ओढणारी गाडी शर्यतीत काय करू शकते ते युरोपला दाखवून दिलं. पण क्वाट्रो हे महाकाव्य झालं. जिप्सी ही ओवी आहे. जात्यावर बसल्याशिवाय तिची गोडी कळत नाही, आणि बसल्यावर पाठ दुखते.

माझी जिप्सी २००७ सालची. मी ती २०१८ मध्ये, तिच्या अकराव्या वर्षी, तिच्या दुसऱ्या मालकाकडून घेतली. किती रुपयांना घेतली ते इथे लिहीत नाही. घरी एक आकडा सांगितलेला आहे, आणि हा लेख घरीही वाचला जाईल.

"चंद्रपुरात राहून जिप्सी घ्यायची म्हणजे काय?" असं पुण्याचे आमचे साडू विचारतात. उलट आहे. चंद्रपुरात राहून न घेणं कठीण. आमच्याकडे एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला वीजकेंद्र, आणि उरलेल्या सगळ्या बाजूंना जंगल. वाघ ताडोबात असतातच, पण अधूनमधून वीजकेंद्राच्या आवारातही हजेरी लावून जातात. पलीकडे गडचिरोली, २६ ऑगस्ट १९८२ रोजी आमच्यातूनच वेगळा झालेला जिल्हा. वेगळं होताना त्याने जंगल जास्त घेतलं आणि रस्ते आमच्याकडे ठेवले. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो, आणि तो कधी जुळेल हे पर्लकोटाच ठरवते. असल्या मुलखात जन्मलेल्या मुलाने लहानपणी जिप्सी पाहिली की त्याचं पुढचं आयुष्य ठरलेलं असतं. फक्त पगार ठरलेला नसतो.

गंमत अशी, की जिप्सी बाळगूनही मला वाघ दिसत नाही. ताडोबात जायचं तर तिथल्या नोंदणीतल्या जिप्सीतूनच जावं लागतं. म्हणजे मी माझी जिप्सी मोहर्लीच्या फाटकाशी उभी करतो, भाडं भरून दुसऱ्याच्या जिप्सीत बसतो, आणि पाहुण्यांना सांगतो, "आमच्याकडेही हीच आहे."

आता आशय आणि अभिव्यक्ती. आशय म्हणजे १२९८ सी.सी., ऐंशी घोडे आणि टनाच्या आसपास वजन. हलक्या अंगात एवढे घोडे म्हटल्यावर गाडी चपळ असणारच. अभिव्यक्ती मात्र रांगडी. वातानुकूलन नाही. स्टीअरिंग फिरवायला यंत्राची मदत नाही. पुढे नि मागे बैलगाडीच्या नात्यातल्या कमानी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीसला टेकतो तेव्हा या गाडीत बसणं आणि भट्टीशेजारी बसणं यात फरक एवढाच, की भट्टीला पेट्रोल लागत नाही. कमानींचं म्हणाल तर त्या कमालीच्या प्रामाणिक आहेत. रस्त्यावर जे जे आहे ते ते त्या जसंच्या तसं तुमच्या मणक्यापर्यंत पोचवतात. काहीही स्वतःजवळ ठेवत नाहीत. आमच्या कॅशमध्ये अशी माणसं हवीत.

पण तिचं खरं वैशिष्ट्य मागच्या बाजूला आहे. मागे दोन बाक आहेत, आणि ते एकमेकांकडे तोंड करून बसवलेले आहेत. इतर गाड्यांत सासू नि सून एकाच दिशेला बघत बसतात, त्यामुळे मुक्कामाला पोचेपर्यंत शांतता टिकते. जिप्सीत त्या समोरासमोर येतात. गुडघ्याला गुडघा लागतो, आणि दर खड्ड्याला दोघी एकमेकींकडे वाकून नमस्कार केल्यासारखं करतात. आमची आई पुढे बसायला तयार नसते. "पुढं बसलं की रस्ता दिसते बाप्पा," म्हणते.

फडके आणि खांडेकर यांच्यात कलेसाठी कला की जीवनासाठी कला असा एक वाद झाला होता, असं शाळेत शिकलो होतो. तो वाद पुढे मिटला की नाही ते ठाऊक नाही. आमच्या घरी २०१८ पासून चालू आहे. माझी बाजू फडक्यांची. गाडी ही गाडीसाठी असते. ती दारात उभी असली, रविवारी धुतली, बॉनेट उघडून दहा मिनिटं आत बघितलं आणि बंद केलं, की आनंद होतो. तो कशासाठी असं विचारू नये. सौ. पूर्ण खांडेकर. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि तिच्या मते गाडीने जीवनाला काही दिलं पाहिजे. निदान भाजी आणून दिली पाहिजे. "भाजी आणायला जिप्सी नेली तर भाजीपेक्षा पेट्रोलला जास्त लागतात," हे माझं उत्तर तिने माझ्याविरुद्धच वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून मी वादात शांत असतो.

नऊ रसांचा विचार केल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही. शृंगाराला या गाडीत जागा नाही; मध्ये दोन दांड्या आहेत. वीररस नाला दिसला की सुरू होतो आणि नाल्यात संपतो. करुण पेट्रोल पंपावर. लिटरचा भाव शंभरीपार आणि माझ्या पायाखाली ही गाडी लिटरला दहा-अकरा किलोमीटर जाते, हे एका ओळीत लिहिलं की विलापिका तयार होते. रौद्र रस सौ.कडे. हास्य शेजाऱ्यांकडे. भयानक ताशी ऐंशीच्या पुढे. बीभत्स पावसाळ्यात मडगार्डच्या आत. अद्भुत म्हणजे जानेवारीच्या पहाटे पहिल्या किल्लीला इंजिन सुरू होतं तो क्षण. राहिला शांत. तो रस गाडीत कुठे असतो हे मला बरीच वर्षं सापडलं नव्हतं. त्याकडे शेवटी येतो.

दोन दांड्यांचं आधी सांगतो, कारण कथानकाची गाठ तिथेच आहे. एक दांडी नेहमीच्या गिअरची. दुसरी, आखूड, चार चाकांची. एरवी जोर फक्त मागच्या दोन चाकांना. आखूड दांडी टाकली की पुढच्या दोघांनाही. तीच आणखी एक घर सरकवली की सगळं संथ नि दणकट होतं. गाडी मुंगीच्या चालीने हत्तीचं काम करते. पण एवढ्याने भागत नाही. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांच्या मधोमध, बशीएवढ्या जागेत, एकेक खटका आहे. त्याला हब म्हणतात. तो मोकळा असला की पुढची चाकं आपापली फिरतात, आतला दांडा झोपलेला राहतो, झीज कमी होते. चिखलात जायच्या आधी खाली उतरून तो हाताने फिरवून जोडायचा. मग आत येऊन दांडी टाकायची. म्हणजे गाडीला चारही पाय आहेत, पण ते आहेत हे तिला आपण उतरून सांगावं लागतं.

हल्लीच्या गाड्यांत हे काहीच नाही. कुठलं चाक घसरतंय ते गाडीचं गाडीलाच कळतं आणि मालकाला न विचारता ती जोर वाटून देते. जून २०२३ मध्ये याच घराण्यातली पाच दारांची नवी जिम्नी आपल्याकडे आली. तिला दांडी ठेवली आहे, पण हबसाठी उतरावं लागत नाही, कमानींच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत, आणि मागचे लोक समोर बघत बसतात. सुधारणा आहे. मी शोरूममध्ये जाऊन तिच्यात दहा मिनिटं बसून आलो. थंड वाऱ्याने सर्दी झाली.

दांडीच्या बाबतीत पहिला धडा मला साडूंसमोर मिळाला. त्यांना ऐट दाखवायची म्हणून मूल रोडवर कोरड्या खणखणीत डांबरावर मी हब जोडून आखूड दांडी टाकली आणि वळण घेतलं. स्टीअरिंग दगडासारखं झालं. गाडी आखडून, अडखळत चालायला लागली, जणू तिला कोणी मागून धरलंय. मी घाबरून मिस्त्रीकडे नेली. त्याने नुसतं दांडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, गाडीले काई नाई झालं. तुमाले झालं."

मग त्याने जमिनीवर काडीने रेघा ओढून समजावलं. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान. पुढच्यांना जास्त फेरे पडतात. या गाडीत आखूड दांडी टाकली की पुढच्या नि मागच्या दांड्यांचे फेरे एकमेकांना बांधले जातात. दोघांचा फरक रिचवणारं मधे काही नाही. चिखलात, वाळूत चाक जरासं घसरून हिशोब जुळवून घेतं. डांबरावर घसरता येत नाही, मग ती ओढाताण दांड्यांत साठत जाते. मला लगेच पटलं. हेड ऑफिस मोठ्या वर्तुळातून फिरतं आणि शाखा लहान. दोघांना एकाच फेऱ्यात बांधलं की स्टीअरिंग आखडतं. फरक रिचवायला थोडा चिखल लागतो.

आता निगा. जिप्सीला तेल एका ठिकाणी घालून चालत नाही. इंजिनात, गिअरबॉक्सात, जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर पेटीत, पुढच्या डिफरन्शियलमध्ये आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये, अशी पाच स्थानं. आईने हे ऐकून "पंचामृत" हा शब्द काढला. शिवाय खालून तीन शाफ्ट फिरतात. त्यांच्या सांध्यांतल्या क्रॉसना वेळच्या वेळी ग्रीस. कमानींचे बुश. पुढच्या चाकांची बेअरिंगं. ती सैल झाली की साठाच्या वेगाला स्टीअरिंग नकारार्थी मान हलवायला लागतं. नाल्याचं पाणी डिफरन्शियलमध्ये शिरलं तर तेलाचा रंग दुधाळ चहासारखा होतो, मग ते ओतून नवं भरायचं. टायर चारही एकाच मापाचे आणि शक्यतो एकसारखे झिजलेले हवेत. म्हणजे एक टायर गेला की शोक चार टायरांचा.

ही सगळी कामं रविवारी होतात, आणि मिस्त्री "अर्धा घंटा" म्हणतो तेव्हा दुपारचं जेवण विसरायचं असतं. सौ. बरेचदा बरोबर असे, कारण गॅरेजनंतर बाजारात जायचं ठरलेलं असे. ती गाडीतच बसून शाळेचे पेपर तपासायची. पेपर संपले की खण उघडून हाताला लागेल ते वाचायची. खणात ते एकच पुस्तक होतं. कन्येच्या वह्यांबरोबर तिने त्यालाही एकदा खाकी कव्हर घातलेलं मी पाहिलं होतं. मला वाटलं, सवय.

खर्चाची वहीही तिच्याकडेच. मी कॉमर्सचा, पण घरचा लेखापाल ती. २०२२ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि नोंदणी नव्याने करायची वेळ आली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. त्याच वर्षी कन्या बारावी होऊन नागपूरला निघाली. वसतिगृह, फी, खानावळ. सौ.ने वही माझ्यापुढे उघडी ठेवली आणि बोलली नाही. बायको बोलत नाही तेव्हा आकडे मोठ्याने बोलतात.

मी घसाऱ्याचा सिद्धांत मांडून पाहिला. दर वर्षी पंधरा टक्के घसारा धरला तर पंधरा वर्षांत शंभर रुपयांच्या वस्तूचे पावणेनऊ रुपयेही उरत नाहीत. तेव्हा विकून मिळणार काय? दुर्दैवाने त्याच आठवड्यात मोहर्लीकडचे एक गृहस्थ घरी आले. जिप्सी निघायची बंद झालेली, जंगलात मागणी चालूच. त्यांना सुट्या भागांसाठी गाडी हवी होती. त्यांनी सांगितलेली किंमत मी दिलेल्या किमतीपेक्षा जास्त होती, आणि घरी सांगितलेल्या किमतीच्या तर दुप्पट. अकौंटन्सीच्या सगळ्या पुस्तकांनी माझी साथ सोडली. गृहस्थ गाडीला फेरी मारून आले आणि म्हणाले, "दोन्ही एक्सल कामाचे आहेत जी." माणूस जिवंत असताना त्याच्या मूत्रपिंडांचं कौतुक करावं तसं वाटलं मला.

दसऱ्याच्या आत गाडी द्यायची ठरली.

तेव्हा आईने तोंड उघडलं. तिचा थोरला भाऊ, आमचा मामा, आलापल्लीच्या पुढे एका लहानशा गावी राहतो. ऐंशी उलटलेली. पावसाळ्याचे चार महिने त्या गावची वाट म्हणजे नाला. आई सात वर्षांत तिकडे गेली नव्हती. प्रत्येक वेळी "पाऊस संपू दे" म्हणता म्हणता परीक्षा आल्या, मार्चअखेर आली, आणि पुन्हा पाऊस आला. आई एवढंच म्हणाली, "गाडी इकाच्या आधी एकदा दादाले पाहून येऊ म्हनतो. मंग कोनाच्या गाडीनं जाऊ?"

पोळा होऊन आठवडा झाला होता. आम्ही पहाटे निघालो. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी. आष्टीच्या पुलावर वैनगंगा काठोकाठ. पुढे सुरजागडचं लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांनी रस्त्याची जी दशा केली होती, तिथे कमानींनी आपला प्रामाणिकपणा सोडला नाही. मी एकटा पुढे. मागे दोघी समोरासमोर. मला आरशात दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. एरवी पोंभुर्ण्याच्या फाट्यापर्यंत त्यांचा एखादा विषय पेटतो. त्या दिवशी आई बोलत होती आणि सौ. ऐकत होती. बहुधा मामाचं लहानपण असावं.

आलापल्लीनंतर सागाचं जंगल आणि मातीची वाट. गाव एका हाकेवर आलं आणि नाला आडवा आला. पाणी फार नव्हतं, गुडघाभर. पण पलीकडचा काठ लोण्यासारखा. मी वीररसाला साद घातली. घाईत खाली उतरून माझ्या बाजूचा, म्हणजे उजवा हब फिरवला. डावं चाक तेवढ्यात चिखलात आसापर्यंत बुडलेलं होतं. तिकडे जायचं म्हणजे पँट गेली. एक जोडलाय, एवढं पुरे, असा मी शाखा पातळीवर निर्णय घेतला, आत बसलो, दांडी टाकली आणि पाय दाबला.

मागची चाकं गरगरली. पुढची ढिम्म. पुन्हा दाबला. गाडी आणखी खाली बसली. संथ गिअर टाकून पाहिला. इंजिन ओरडलं, चिखल उडाला, आणि आम्ही होतो तिथेच. मी इंजिन बंद केलं. आजूबाजूला माणूस नाही. एक तांबट कुठेतरी टुकटुक करत होता. पाण्याचा बारीक आवाज. शांत रस कुठे असतो ते मला कळलं. तो चिखलात, इंजिन बंद केल्यावर असतो. फक्त त्याचा आस्वाद घ्यायला आई नि बायको गाडीत नसाव्या लागतात.

"परत जाता येईन का?" आईने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. परतही जाता येत नव्हतं.

तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला. सौ. उतरली. चपला हातात घेतल्या, त्या बाकाखाली ठेवल्या, पदर खोचला आणि गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली. मी ओरडलो, "अगं, तिकडे खोल आहे!" ती वाकली. कोपरापर्यंत हात चिखलात. एक-दोन क्षण चाचपडली. मग खट् असा आवाज आला.

"दोन्ही लावायचे असतात," ती म्हणाली. "एक मोकळा राहिला की सगळा जोर तिकडेच वाहून जातो. आता संथ गिअरमध्ये ठेवा, आणि पाय हलका. नेहमीसारखं दाबू नका."

डिफरन्शियलचा स्वभावच तसा आहे. ज्या बाजूला अडवणारं कोणी नाही त्या बाजूला तो सगळी धाव देतो, आणि अडलेल्या चाकापर्यंत काहीच पोचत नाही. हे मला माहीत होतं. पाहुण्यांना मी ते चहाबरोबर सांगत असतो. पण माहीत असणं आणि उतरून हात घालणं यांच्यामध्ये एक पँट आडवी आली होती.

पाय हलका ठेवला. पुढच्या चाकांनी काठ धरला. गाडी एकदा कण्हली, आणि चार पायांचं जनावर उठावं तशी उठून, न घसरता, वर आली. सौ. चालत मागून आली. साडी गुडघ्यापर्यंत तांबडी झाली होती. आई म्हणाली, "बापू, हे तुले आंधी नाई सुचलं?"

मामा ओसरीवर बसला होता. आईने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघंही बराच वेळ काही बोलली नाहीत. मग तो काठी टेकत गाडीजवळ आला, आत डोकावला, आणि माझ्या माहितीतली सगळ्यात मोजकी समीक्षा त्याने केली : "गाडी बेस हाये. पन बाका आमनेसामने कायले केल्या? भांडाले?"

"नाई दादा," आई म्हणाली. "बोलाले."

त्या हिवाळ्यात मामा गेला. तेव्हाही आम्ही गेलो, पण वाट कोरडी होती. कोणतीही गाडी चालली असती.

गाडी विकायचा विषय दसऱ्याला निघाला नाही. मीही काढला नाही. सौ.ने वहीत त्या महिन्याच्या पानावर "पेट्रोल, नाला, साडी" असे तीन आकडे लिहिले आणि खाली बेरीज केली. मोहर्लीच्या गृहस्थांना नाही कळवायचा फोन मात्र तिनेच केला. कन्येची फी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन भरली. तो हप्ता अजून पगारातून कापला जातो. भाजी अजूनही पायीच येते. खांडेकरांची बाजू मला सोडून द्यावी लागली नाही की तिलाही. फक्त दोन्ही बाजूंना जोर असतो तेव्हाच गाडी चिखलातून निघते, एवढं दोघांना ठाऊक झालं आहे.

भित्तिपत्रकासाठी लिहायचं म्हणून यंदा मी ते पुस्तक बऱ्याच दिवसांनी खणातून काढलं. खाकी कव्हर कोपऱ्यांना झिजलं होतं. हबच्या पानावर एका वाक्याखाली तांबड्या पेनाने, पेपर तपासताना ओढतात तशी, सरळ रेघ होती. समासात एकच शब्द, शिक्षिकेच्या गोल अक्षरात : "दोन्ही!"

साहेब विचारत होते, यात साहित्य कुठे आहे. मी त्यांना ते पान दाखवलेलं नाही. समीक्षा तिथेच लिहून झाली होती, आणि माझ्या अडीच हजार शब्दांपेक्षा ती बरी होती.